सोमवारची चाळीस चित्रे

सिंधूसमोर मी कात्रीचे कार्ड धरले आणि स्टॉपवॉचचे बटण दाबले.

सकाळचे दहा वाजले होते. जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी, मिठाचे भांडे, पाण्याचा तांब्या हे सगळे मी आधीच उचलून ठेवले होते. चाचणीच्या वेळी रुग्णाचे लक्ष वेधेल असे काही समोर असू नये, असा नियम होता. सिंधूने कार्डाकडे पाहिले आणि डाव्या हाताची दोन बोटे उघडमीट करून दाखवली. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला होता.

"नाव सांग," मी म्हणालो.

तिचे ओठ हलले. 'का' असा उच्चार बाहेर आला आणि तिथेच अडला. आठ सेकंद झाले, नऊ झाले. तिने माझ्याकडे पाहिले. मी कार्डाकडे पाहिले.

"कात्री गं अक्का, कात्री," स्वयंपाकघरातून कुमुदचा आवाज आला.

"कात्री," सिंधू लगेच म्हणाली आणि गालात हसली.

मी वहीतली ती नोंद खोडली. समासात लिहिले : बाहेरून सूचना, अग्राह्य. मग उठून स्वयंपाकघराचे दार लोटले, कडी घातली आणि पुढचे कार्ड उचलले. ते चाळणीचे होते. त्यावर सिंधूने काहीच म्हटले नाही.

ही हकिगत एकोणनव्वद सालची. सिंधू माझी बायको, आणि कुमुद तिची धाकटी बहीण. सिंधूच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि तिची उजवी बाजू व वाचा एकदमच गेली, तेव्हा कुमुद श्रीगोंद्याहून आमच्या चिंचवडच्या घरी आली, ती आमचीच होऊन राहिली. तिला ना मूल ना नवरा. आमचा मुलगा मिलिंद नोकरीसाठी बडोद्याला होता. घरात आम्ही तिघेच.

माझे शिक्षण तंत्रनिकेतनातले. उपकरणशास्त्राची पदविका घेऊन सव्वीस वर्षे मी एका कारखान्यात मापन-विभाग सांभाळला. दाबमापके, तापमापके, वजनकाटे यांची तपासणी करायची, चुकत असतील तर किती चुकतात ते लिहायचे, हे माझे काम. नोकरीत असतानाच बाहेरून बी.ए. केले होते. एका सुट्टीत भाषाविज्ञानावरचे एक व्याख्यान ऐकले. माणसाच्या तोंडून निघणारा आवाजही मोजता येतो, त्याचा आलेख काढता येतो, हे मला तिथे प्रथम कळले. पन्नाशी उलटल्यावर लवकर निवृत्ती घेतली आणि पुण्यात भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातले. वर्गातली मुले मला काका म्हणत आणि परीक्षेच्या आधी माझ्या वह्या मागून नेत.

सिंधूला माझ्या या उद्योगाचे हसू येई. ती बोलकी बाई. भाजीवालीशी अर्धा अर्धा तास बोले, दूधवाल्याच्या गावची सगळी भांडणे तिला पाठ होती. मी संध्याकाळी पेपर उघडला की तिचे बोलणे सुरू होई आणि मी हुं हुं करत राही. "भिंतीशी बोलले असते तर एव्हाना ती 'ओ' द्यायला लागली असती," असे ती म्हणायची. माझ्या प्रवेशाची बातमी तिने शेजाऱ्यांना सांगितली ती अशी, की आमचे हे आता भाषा शिकायला जाणार आहेत, घरात कधी वापरली नाही म्हणून.

माझे पहिले वर्ष संपता संपता तिची वाचा गेली.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. त्यांना सगळे समजते, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. बोलतं ठेवा त्यांना. शब्द अडला तर पहिले अक्षर द्या, पुढचे त्या उचलतील. वर्षभरात बराच फरक पडेल. मी ते वहीत तारखेनिशी लिहून घेतले. पहिले तीन महिने तसे केलेही. 'पा' म्हटले की ती 'पाणी' म्हणे, 'मि' म्हटले की 'मिलिंद'.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंधाचा विषय ठरवायचा होता. माझ्या मार्गदर्शक डॉ. सुहासिनी बोंद्रे. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण शिस्तीला कडक. मी विषय सुचवला : वाचा गेलेल्या मराठी भाषक स्त्रीच्या शब्दस्मरणाचा अभ्यास. घरच्या माणसाचा अभ्यास करू नये असे त्यांचे मत होते. मी म्हणालो, तिच्यासाठीच करतो आहे, सुधारणा मोजली तर सुधारणा करता येईल. मी ते मनापासून म्हटले होते. शेवटी त्यांनी होकार दिला आणि पद्धत सांगितली. पंधरा दिवसांतून एकदा चाचणी घ्या. चाचणीपुरते निरीक्षकाने शब्द सुचवायचा नाही, ओठ हलवायचे नाहीत, चेहऱ्यावर काही दाखवायचे नाही. वीस सेकंद थांबायचे, गुण द्यायचे, पुढे जायचे. बाकीच्या दिवशी डॉक्टर सांगतात तसे वागा.

ही बाकीच्या दिवसांची गोष्ट मी मानली नाही.

तापमापक तपासताना त्याच्या पाऱ्याच्या फुग्याला हात लावायचा नसतो. हाताची ऊब लागली की वाचन बिघडते. चाचणीपूर्वी तासभर तो हातात धरून बसलात आणि चाचणीपुरता खाली ठेवलात, तर त्या वाचनाला काही अर्थ नाही. हे मी सव्वीस वर्षे शिकाऊ मुलांना सांगत आलो होतो. आठवडाभर मी शब्द सुचवत राहिलो आणि चाचणीत तोच शब्द आला, तर तो तिचा कशावरून? मी पंधरा दिवसांची चाचणी दर सोमवारी केली, आणि बाकीच्या सहा दिवसांत शब्द सुचवणे बंद केले.

चाळीस कार्डे मी स्वतः काळ्या शाईने काढली. कंदील, किल्ली, छत्री, सुपली, चष्मा अशी छत्तीस चित्रे. शेवटच्या चार कार्डांवर घरातल्या माणसांचे फोटो चिकटवले : मिलिंद, कुमुद, सिंधू स्वतः आणि मी. बरोबर नावाला दोन गुण, अर्धवट किंवा उशिरा आलेल्या नावाला एक, नाही आले तर शून्य.

एकदा दुपारी सिंधू पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती. तिची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे जाई, पुन्हा माझ्याकडे येई. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि काय हवे आहे असे विचारले. तिने हात उचलला. मी म्हणालो, हाताने नाही, तोंडाने सांग. कुमुद दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, तिला पाणी हवंय हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"तिनं म्हणायला हवं."

कुमुदने माठातले पाणी घेतले, बहिणीला पाजले आणि पेला माझ्यासमोर टेबलावर ठेवून आत गेली. त्या दिवसाच्या नोंदीत मी तो प्रसंग 'घरातील व्यक्तीचा हस्तक्षेप' या सदराखाली लिहिला.

पहिल्या दोन महिन्यांत गुण ऐंशीपैकी एकवीसवरून सदतीसवर गेले. मी आलेखाचा कागद भिंतीवर लावला. मग रेघ आडवी झाली आणि उन्हाळ्यात उतरू लागली. एकतीस, तेवीस, सोळा. जूनमध्ये एका सोमवारी अवघे नऊ गुण पडले. मिलिंद आणि कुमुद ही नावे तिने घेतली, किल्ली म्हणाली, आणखी तीन शब्द अडखळत आले, बाकी चित्रांना मान हलवली. माझ्या फोटोपुढे तर पहिल्या दिवसापासून एकही गुण नव्हता. ती फोटो बघे, खाली बघे आणि वीस सेकंद संपेपर्यंत तशीच बसे. ओळखीची सर्वांत जवळची व्यक्ती, नाव कायमचे लुप्त, असे मी तिसऱ्या प्रकरणात लिहिले होते, आणि ते लिहिताना मला किती वाईट वाटले तेही माझ्या लक्षात आहे.

आलेख पाहून बोंद्रेबाई बुचकळ्यात पडल्या. मेंदूवरचा आघात असा वागत नाही, त्या म्हणाल्या. सुधारणा थांबते, पण वर चढून पुन्हा असा उतार सहसा लागत नाही. नवीन झटका आला आहे का? डॉक्टरांनी तपासून नाही म्हणून सांगितले होते. तेव्हा बाईंनी सुचवले, त्यांचे सहज बोलणे ध्वनिमुद्रित करा. तुम्ही तिथे नसताना.

पुढच्या गुरुवारी मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, डाळींच्या डब्यांमागे, टेपरेकॉर्डर ठेवला. कुमुदला बटण दाखवले आणि सांगितले की अक्काला कळू देऊ नको, नाहीतर बोलणे सहज राहणार नाही. कुमुदने कॅसेटकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. हे सगळं तुम्ही ऐकणार का, एवढेच तिने विचारले. मी म्हणालो, शब्द न् शब्द. ती बरं म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मी विभागातल्या प्रयोगशाळेत बसलो, कानाला हेडफोन लावले आणि वहीवर तीन रकाने आखले : वेळ, उच्चार, विराम.

आधी शेंगा सोलल्याचा आवाज होता. कुमुद मिलिंदच्या लग्नाची आठवण काढत होती, पंगतीत मठ्ठा संपला आणि व्याह्यांनी ताकात पाणी घालून वाढले त्याची. मग एक हसणे ऐकू आले. ते सिंधूचे हसणे ओळखायला मला एक क्षण लागला. ते मी आठ-नऊ महिन्यांत ऐकले नव्हते.

"आमटीत... मीठ... विसरलीस काल," सिंधू म्हणाली.

"बोलता येत नाही म्हणे. टोमणे बरे येतात तुला."

"येतात."

मी लिहीत गेलो. ती सावकाश बोलत होती, अडत होती. अडली की कुमुद तिला एखादे अक्षर देई, कधी चुकीचाच शब्द मुद्दाम देई आणि सिंधू तो दुरुस्त करी. चाळणी म्हणाली, सुपली म्हणाली, कात्री दोनदा म्हणाली. वीस मिनिटांत मी एकशे चौदा वेगवेगळे शब्द मोजले. माझा पहिला विचार असा होता की नमुना उत्तम मिळाला.

मग कुमुदचा आवाज जरा जवळ आला. ती फळीच्या बाजूला सरकली असावी.

"भाऊजी स्वतःचा फोटो दाखवतात, तेव्हा गप्प का बसतेस गं? ओळखत नाहीस?"

"ओळखते की." सिंधूला त्याची गंमत वाटली होती. "नाव... कसं घ्यायचं?"

"मग उखाणा घे."

"मुशीतलं सोनं, हातोडीचा ठसा, वामनरावांचं नाव घेते, गप्प सारे बसा," असे सिंधूने एका दमात म्हटले, कुठेही न अडता, आणि दोघी बहिणी हसत सुटल्या.

आम्ही कुलथे, सोनारांचे घर. हा उखाणा तिने आमच्या लग्नात घेतला होता. एकतीस वर्षांच्या संसारात तिने माझे नाव उखाण्याबाहेर कधी उच्चारले नव्हते, आणि हे जगात ज्या एकाच माणसाला पक्के ठाऊक असायला हवे होते, त्याने स्वतःच्या फोटोपुढे चोवीस सोमवार शून्य मांडले होते. तरीही मी लिहीतच होतो. विरामाच्या रकान्यात शून्य घातले, कारण विराम नव्हता.

हसणे थांबले. कुमुदने विचारले, मग त्यांच्याशी का बोलत नाहीस.

बराच वेळ फक्त शेंगा फुटत राहिल्या. मी घड्याळ पाहिले. अकरा सेकंद.

"चुकलं... की... लिहितात," सिंधू म्हणाली.

मी ते वाक्य ध्वनिलिपीत उतरवले. पहिला विराम दोन सेकंद, दुसरा तीन. क्रियापदाचा शेवट स्पष्ट आहे अशी बाजूला खूण केली. त्यानंतर मी ते वाचले.

टेप पुढे चालूच होती.

"मग सांगू त्यांना, बंद करा म्हणून?" कुमुद म्हणत होती.

"नको," सिंधू म्हणाली. "काम... आहे... त्यांचं."

मी यंत्र बंद केले. हेडफोन काढायचे मात्र राहून गेले असावेत, कारण बोंद्रेबाई आत येऊन काहीतरी म्हणाल्या ते मला ऐकू आले नाही. त्यांनी माझी वही उचलून वाचली. मग समोरचे स्टूल ओढून बसल्या.

"कुलथे, सहा महिने तुम्ही काय मोजलंत, कळतंय का?"

मी मान हलवली.

"त्यांचा आजार नाही मोजलात." त्या कठोरपणे बोलत नव्हत्या. "खोलीत तुम्ही किती आहात, ते मोजलंत."

पुढे त्या म्हणाल्या की हे जसेच्या तसे लिहिले तर लघुप्रबंध मोलाचा होईल, निरीक्षकाच्या उपस्थितीचा इतका स्वच्छ पुरावा सहसा हाती येत नाही, पण लिहायचे की नाही हा निर्णय सर्वस्वी माझा. मी आठवडाभर मुदत मागितली. ती मागायची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी मी त्यांना विषय बदलल्याचे पत्र दिले आणि सोनारकामातल्या हत्यारांची नावे गोळा करून दुसऱ्या वर्गात एम.ए. झालो.

त्या शुक्रवारी घरी पोचलो तेव्हा दोघी चहा पीत होत्या. भिंतीवरचा आलेख मी उतरवला. सिंधू बघत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि वाटेत चार वेळा जुळवलेले वाक्य म्हटले.

"सिंधू, परीक्षा संपली. आता सोमवार नाही."

तिने मान डोलावली.

"तू बोल. चुकलं तरी चालेल. मी काही लिहिणार नाही."

तिने माझ्या खिशाकडे पाहिले. खिशाला पेन होते. मी ते काढून टेबलावर ठेवले. तिने पुन्हा मान डोलावली आणि कपातला राहिलेला चहा संपवला. कुमुद उठून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मला वाटले होते की आठ-पंधरा दिवसांत गाडी रुळावर येईल. बिघडलेल्या उपकरणाचा दोष सापडला की तो दुरुस्त करता येतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. मी तिला अक्षरे देऊ लागलो. ती ती घेत नसे. मी विचारे, ती मान डोलवी किंवा हलवी. तिला राग नव्हता. ती माझे ताट वाढायला कुमुदला खुणावी, माझ्या सदऱ्याचे तुटलेले बटण एका हाताने धरून ठेवी आणि कुमुदकडून टाचून घेई. फक्त मी खोलीत शिरलो की तिचे वाक्य मध्ये थांबे. दूधवाल्याशी ती जिन्यात काठी टेकून उभी राहून बोले. मी आतल्या खोलीत पंखा बंद करून ऐकत बसे. मिलिंदला मुलगी झाली तेव्हा नातीशी ती इतके बोलली की सुनेने कौतुकाने मला हाक मारली. मी आलो. सिंधूने नातीचे टोपडे सारखे केले.

तेव्हापासून मला बोलायची सवय लागली. घरात शांतता झाली की मला सोसवेना. पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, भाजीचे भाव सांगायचे, कॉलनीत कोण आले, कोण गेले, ते सांगायचे. ती ऐकायची. कधीकधी हुं म्हणायची. कुमुद एकदा म्हणाली, भाऊजी, तुम्ही आता अक्काच्या वाटचंही बोलता. ते तिने चेष्टेत म्हटले होते, की नाही, मला ठरवता आले नाही.

अशी जवळजवळ तीन वर्षे गेली.

ब्याण्णवच्या माघात सिंधूला दुसरा झटका आला. इस्पितळात चौथ्या दिवशी दुपारी ती शुद्धीवर आली. कुमुद औषधे आणायला खाली गेली होती, मिलिंद बडोद्याहून निघाला होता. खोलीत मी एकटा. सिंधूने डोळे उघडले, छताकडे पाहिले, मग मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि तशीच पाहत राहिली. तिचे ओठ मिटले. 'प'साठी मिटतात, 'म'साठी मिटतात, तसे. ती मला काहीतरी सांगू बघत होती. मला. तीन वर्षांत असे झाले नव्हते.

मी वाकलो. "पाणी?" मी म्हणालो.

तिने मान किंचित हलवली.

"पांघरूण हवं का? पंखा बंद करू? मिलिंद निघालाय, संध्याकाळी पोचेल. बाळही येतंय. पाय दुखतायत? पाठ? सिस्टरला बोलावू?"

तिने डावा हात उचलला आणि माझ्या तोंडापाशी आणला. बोटे गार होती. मला वाटले, तिला थंडी वाजते आहे. मी तो दोन्ही हातांत धरला, चोळला आणि तिला म्हणालो की घाबरू नको, डॉक्टर म्हणाले आहेत की आता सुधारणा होईल, आपण घरी जाऊ, कुमुदने मेथी आणून ठेवली आहे. तिचे ओठ पुन्हा एकदा मिटले, उघडले. मी मेथीबद्दल काहीतरी सांगत होतो. तेवढ्यात तिचे डोळे मिटले. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही.

कुमुद औषधांची पिशवी घेऊन दारात आली तेव्हा मी अजून तो हात चोळत होतो. तिने बहिणीचा चेहरा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली.

"जागी झाली होती?"

"हो."

"बोलली काही? काय म्हणत होती?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "मी बोलत होतो."